यान पॅडवर न्यायच्या आधी काय काय करतात? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

रोलआउटचं, म्हणजे रॉकेट उड्डाणाच्या चौथऱ्यावर (पॅडवर) नेतानाचं, लाइव्ह लावून बसलेली मंडळी वीसेक मिनिटांत उठतात, कारण स्क्रीनवर काही घडतच नाही, एक उंच रॉकेट आणि त्याच्या खाली मुंगीच्या पावलांनी सरकणारं काहीतरी, बास. त्यांचं चुकतं असंही नाही, कारण जे घडायचं ते आधीच्या कित्येक महिन्यांत बंद दाराआड घडून गेलेलं असतं. ते काय, हे माहीत असेल तर मग तेच दृश्य चार तास बघवतं.

मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीत काम करतो, रॉकेटवाला नाही. पण रविवारी कोथरूडला कॉलेजच्या काही पोरापोरींबरोबर बसणं होतं आणि दर वेळी नवीन आलेला कोणीतरी हेच विचारतो की "काका, इतकं करण्यापेक्षा पॅडवरच का नाही बांधत?" म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

आधी एक किल्ली देतो, ती पूर्ण लेखभर वापरायची. प्रत्येक कामाच्या वेळी स्वतःला विचारायचं, हे झाल्यावर हात कुठं पोचणार नाही? माणसं नेणाऱ्या यानाच्या तयारीचा अख्खा क्रम ह्या एका प्रश्नावर ठरतो. कुठलं काम महत्त्वाचं नि कुठलं कमी ह्याला तिथं फार अर्थ नाही, ज्याच्यापर्यंत नंतर हात जाणार नाही ते आधी, ज्याच्यापर्यंत शेवटच्या तासापर्यंत जातो ते शेवटी.

पायरी १ : यान उभं जाणार की आडवं ते बघा

दोन पद्धती आहेत. रशियाचं सोयुझ आणि स्पेसएक्सचं फाल्कन ९ हे आडवे जोडतात, आडवेच नेतात आणि पॅडवर पोचल्यावर उभे करतात. नासाचं एसएलएस, आपलं एलव्हीएम३, चीनचं शेनझोऊ घेऊन जाणारं लाँग मार्च २एफ, स्टारलायनर नेणारं ॲटलस ५, हे सगळे आधी उंच इमारतीत उभे रचतात आणि उभेच्या उभे पॅडपर्यंत नेतात. आडव्यात वाऱ्याची भीती कमी, पण यान कुशीवर पडलेलं असल्यामुळे आतलं सगळं तशाही अवस्थेत नीट राहील असं बांधावं लागतं. उभ्यात आत-बाहेर करायला सोपं, पण मग ९८ मीटर उंचीचं धूड वाऱ्यात उभं घेऊन चालायचं.

आता त्या "पॅडवरच का नाही"चं उत्तर. बांधतात की! श्रीहरिकोट्याच्या पहिल्या लॉन्च पॅडवर पीएसएलव्ही वर्षानुवर्षं पॅडवरच जोडला जायचा, भोवती एक अवाढव्य चालता मनोरा असतो आणि उड्डाणाआधी रॉकेट जागच्या जागी राहतं, मनोराच मागे सरकतो. पण त्यात पॅड आठवडेच्या आठवडे अडकून पडतो. दुसऱ्या पॅडला म्हणून वेगळी असेंब्ली बिल्डिंग आहे, तिथे चाकांच्या मोठ्या चौथऱ्यावर रॉकेट रचायचं आणि रुळांवरून पॅडवर न्यायचं. शिवाय पॅड सगळीकडे समुद्राकाठी नाहीतर उघड्या माळावर, खारी हवा, विजा, धूळ. तिथं यान जितके कमी दिवस उभं राहील तितकं बरं.

पायरी २ : क्लीनरूम, आणि मोजून घेतलेली हत्यारं

यान आधी बराच काळ स्वच्छ खोलीत असतं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, अत्तर-पावडर बंद, मनगटाला अर्थिंगचा पट्टा. पुण्यात हे अगदीच परकं नाही, सीओईपीच्या मुलांनी बनवलेला जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी पोरांना ह्या कपड्यांची ओळख झाली.

पण माणसांच्या यानात स्वच्छतेला अजून एक कारण आहे आणि ते मला फार आवडतं. जमिनीवर एखादा वॉशर खुर्चीच्या मागे पडला तर तो तिथंच गप पडून राहतो. कक्षेत गेल्यावर तोच वॉशर बाहेर येतो, तरंगतो, कोणाच्या डोळ्यात, नाकात, नाहीतर हवा खेळवणाऱ्या पंख्यात जातो. म्हणून आत जाताना प्रत्येक पाना, प्रत्येक टॉर्च मोजून न्यायची, दोरीने अंगाला बांधून न्यायची आणि बाहेर येताना पुन्हा मोजायची. आकडा जुळला नाही तर काम थांबतं. आमच्या लाइनवर नवीन पोरांना हा जाच वाटतो, त्यांना मी हेच उदाहरण देतो.

पायरी ३ : गळती बघणं, आणि झाकण

केबिन हवेच्या दाबाने फुगवून ठेवायची आणि दाब किती उतरतो ते बघत बसायचं, शिवाय मोठ्या निर्वात कक्षात ठेवून बाहेर अवकाशासारखी पोकळी असताना यान कसं वागतं ते तपासायचं. हॅचचं, म्हणजे यानाच्या दाराचं, सील, त्यावर केससुद्धा नको, हे सगळं इथे आलं.

हॅचचा विषय निघाला की अपोलो १ सांगावंच लागतं. २७ जानेवारी १९६७, पॅडवर नुसती तालीम चालू होती, रॉकेटमध्ये इंधनसुद्धा नव्हतं, म्हणून ती चाचणी धोक्याची धरलीच नव्हती. केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाचा. आग लागली, आतला दाब वाढला आणि हॅच आतल्या बाजूला उघडणारी असल्यामुळे त्या दाबाने ती घट्ट बसली. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी तिघंही गेले. नंतर हॅच बाहेर उघडणारी आणि झटकन उघडणारी झाली, उड्डाणाच्या वेळी केबिनमध्ये नायट्रोजन मिसळायला लागले, आतलं जळाऊ सामान काढलं. आज तुम्ही कुठल्याही यानाची हॅच उघड-बंद करून बघताना बघाल, त्याच्या मागे हे आहे.

नायट्रोजनचंही तसंच. आग लागू नये म्हणून बंद कप्प्यांत नायट्रोजन सोडून ठेवतात, त्याला ना वास ना रंग. मार्च १९८१ मध्ये कोलंबिया ह्या स्पेस शटलच्या पहिल्या उड्डाणाआधी पॅडवर अशाच कप्प्यात गेलेले तंत्रज्ञ गुदमरले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. त्यामुळे "आत जायला परवानगी आहे का" हा प्रश्न तिथं कागदी नसतो.

पायरी ४ : विषारी इंधन, इथं सगळ्यात जास्त थांबा

रॉकेटचं मोठं इंधन पॅडवरच भरतात हे बहुतेकांना माहीत असतं. पण यानाचं स्वतःचं, म्हणजे कक्षेत गेल्यावर वळायला, थांबायला, परतायला लागणारं इंधन वेगळं असतं आणि ते पॅडवर जायच्या कितीतरी आधी भरतात. बहुतेक यानांत हायड्राझिनच्या कुटुंबातलं एक आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड, ह्या दोघांची जोडी असते. दोघं एकमेकांना भेटले की ठिणगीशिवाय पेटतात, त्यामुळे इंजिन अगदी भरवशाचं होतं, आणि दोन्ही महाविषारी. भरणारी माणसं स्वतःची हवा घेऊन फिरणारे, फुगलेले सूट घालून आत जातात, बाकी इमारत रिकामी.

एसएलएसवर बसून जाणारं नासाचं यान ओरायन, त्याचं हे काम केनेडी स्पेस सेंटरच्या एका वेगळ्या इमारतीत होतं, स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाचंही फ्लोरिडातच वेगळ्या जागी. कारण उघड आहे, एकदा रॉकेटच्या टोकावर चढवलं की तिथं, तेवढ्या उंचीवर असले सूट घालून नळ्या जोडणं कोणाला हवंय. पण मग भरल्यावर एक घड्याळ चालू होतं, कारण ही रसायनं टाकीत शहाण्यासारखी बसत नाहीत.

बोइंगच्या स्टारलायनरचं २०२१ चं प्रकरण ह्यासाठी नीट समजून घ्या. माणसांशिवायचं चाचणी उड्डाण, ऑगस्टमधे यान पॅडवर उभं, आणि काउंटडाउनच्या तयारीत दिसलं की ऑक्सिडायझरच्या (इंधन जाळायला लागणाऱ्या रसायनाच्या, इथे नायट्रोजन टेट्रॉक्साइडच्या) २४ पैकी १३ व्हॉल्व्ह उघडतच नाहीयेत. यान मागे नेलं, असेंब्ली इमारतीत हात पोचेल तिथवर प्रयत्न केले, नऊ मोकळे झाले, चार अडूनच बसले. त्या चारांसाठी अख्खं यान रॉकेटवरून उतरवून कारखान्यात न्यावं लागलं. कारण काय निघालं तर नायट्रोजन टेट्रॉक्साइड सीलमधून थोडं थोडं झिरपलं, फ्लोरिडाच्या दमट हवेतल्या ओलाव्याशी मिळून नायट्रिक ॲसिड झालं आणि त्याने ॲल्युमिनियमचे भाग खाल्ले. उड्डाण झालं ते १९ मे २०२२ ला. म्हणजे ओलाव्यापायी साडेनऊ महिने! जुलैत पुण्यात लोखंडाचा जॉब दोन दिवस उघडा ठेवून बघितलेल्या कोणालाही हे पटकन कळेल.

पायरी ५ : जीव वाचवायचा मनोरा

इंधनानंतर ओरायनवर एस्केप टॉवर चढवतात, रॉकेट बिघडलं तर केबिनला ओढून लांब नेणारं टोकावरचं छोटं रॉकेट. ते बसलं आणि बाजूची आवरणं लागली की यानाचा बराचसा पृष्ठभाग झाकला जातो, पुन्हा हाताचा प्रश्न. ड्रॅगनमध्ये असा मनोरा नसतो, बाजूच्या भिंतींत आठ सुपरड्रेको इंजिनं असतात. गगनयानचा मनोरा २१ ऑक्टोबर २०२३ ला टीव्ही-डी१ ह्या चाचणी उड्डाणात उडवून बघितला, त्या सकाळी पहिल्या प्रयत्नात संगणकाने शेवटच्या पाच सेकंदांवर उड्डाण थांबवलं होतं, सगळ्यांचे चेहरे पडले, आणि मग दहा वाजता ते व्यवस्थित झालं.

पायरी ६ : रचणं, जोडणं आणि खोटं काउंटडाउन

आता यान रॉकेटवर. क्रेनने उचलून बोल्ट लावले हा भाग दिसायला भारी पण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. खरं काम नंतरचं: वीज, डेटा, थंड हवा, हेलियम ह्या सगळ्या नळ्या-केबली जमिनीशी, रॉकेटशी आणि यानाशी जोडून प्रत्येक जोड बोलतोय का ते बघणं. ह्या जोडांना अंबिलिकल म्हणतात आणि उड्डाणाच्या क्षणी ते आपोआप सुटायला पाहिजेत, त्यामुळे जोडण्याइतकीच सुटण्याचीही परीक्षा होते.

मग अंतराळवीर पूर्ण सूट घालून, खरोखर खुर्चीत बसून काउंटडाउनची तालीम करतात. इंधन नाही, बाकी सगळं खरं. कुठला पट्टा काचतो, कुठल्या हेडफोनमध्ये खरखर येते, हे तेव्हाच कळतं, आणि तेव्हा निस्तरायला सोपं असतं.

पायरी ७ : लाल फिती आणि घड्याळं

फोटोत यानावर लाल फिती लटकताना दिसतात ना, त्यांच्यावर लिहिलेलं असतं की उड्डाणाआधी काढा. सेन्सरची टोपणं, नोझलची झाकणं, सेफ्टी पिना. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची यादी, काढणारा एक आणि बघणारा दुसरा. काही फिती पॅडवर जाईपर्यंत मुद्दाम ठेवतात, तेव्हा रोलआउटला लाल फीत दिसली म्हणून घाबरायचं नाही.

आणि घड्याळं. हा भाग बातम्यांत येत नाही आणि तारखा मात्र ह्याच्यामुळेच हलतात. एसएलएसचे बूस्टर तुकड्या-तुकड्यांनी रचतात, पहिला जोड बसला की वर्षभराची मुदत धरतात, पुढे जायचं तर पुन्हा हिशोब करून मंजुरी घ्यायची. रॉकेट भरकटलं तर ते हवेतच नष्ट करणारी जी यंत्रणा असते तिच्या बॅटऱ्यांना आर्टेमिस १ च्या, म्हणजे एसएलएसच्या पहिल्या उड्डाणाच्या, वेळी २५ दिवसांची मुदत होती आणि त्या तपासायची सोय फक्त असेंब्ली इमारतीत, पॅडवर नाही. म्हणजे इमारतीतली तपासणी झाली की ते दिवस मोजायला सुरुवात. रोलआउटची तारीख "लवकरात लवकर" अशी कधीच नसते, ती ह्या सगळ्या घड्याळांच्या मधली फट असते.

पायरी ८ : हवामान

शिवाजीनगरच्या वेधशाळेवर विनोद करणं हा आपला हक्कच आहे, पण रोलआउटचे नियम वाचले की अंदाज देणाऱ्यांबद्दल आदर वाटायला लागतो. आर्टेमिस १ साठीचे बघा: प्रवासाच्या काळात ३७ किलोमीटरच्या आत वीज पडायची शक्यता १० टक्क्यांपेक्षा कमी हवी, गारांची ५ टक्क्यांपेक्षा कमी, सलग वारा ताशी ७४ किलोमीटरच्या आत आणि तापमान साधारण ४ ते ३५ अंशांच्या मधे. आपला एप्रिल तर ह्या शेवटच्या अटीतच नापास.

वारापाऊस सोडून पक्षीही असतात. १९९५ मध्ये डिस्कव्हरी शटल पॅडवर उभं असताना सुतार पक्ष्यांनी बाहेरच्या टाकीच्या फोमला दोनशेच्या आसपास भोकं पाडली आणि दुरुस्तीसाठी अख्खं शटल मागे न्यावं लागलं. २००७ मध्ये गारांनी टाकीचा फोम फोडला, पुन्हा मागे. दोन्हीकडे तेच, पॅडवर त्या उंचीला सगळीकडे हात पोचत नव्हता.

पायरी ९ : प्रत्यक्ष निघणं

चाकणकडे रात्री निघालेला ओडीसी ट्रेलर, म्हणजे अवाढव्य माल नेणारा, बघितला असेल, पुढे पायलट गाडी, दोन माणसं चालत चाकांकडे बघतायत आणि मागे पाच किलोमीटरची लाइन. तसंच, फक्त इथे मागे कोणी हॉर्न वाजवत नाही. नासाचं क्रॉलर, म्हणजे रॉकेट पाठीवर घेऊन सरकणारं अवाढव्य वाहन, १९६० च्या दशकातलं आहे, स्वतःचंच वजन जवळजवळ ३,००० टन. एसएलएस घेऊन ते ताशी दीड किलोमीटरपेक्षाही हळू जातं, पावणेसात-एक किलोमीटरला दहा-अकरा तास. रस्ता डांबराचा नाही, नदीतल्या गोट्यांचा, गोटे ठिणगी पाडत नाहीत आणि वळताना क्रॉलरखाली गडगडत जाऊन झीज कमी करतात. पॅडच्या चढावर मात्र नीट बघा, क्रॉलर एका बाजूने आपली पाठ उचलतो म्हणजे चढ असूनही वरचं रॉकेट सरळच राहतं. मला विचाराल तर रोलआउटमधली बघण्यासारखी एक गोष्ट हीच.

सोयुझ रेल्वेने जातं, आडवं, बैकानूरला सकाळी सातच्या सुमारास, उड्डाणाच्या दोन-तीन दिवस आधी. ज्यांना उडायचं आहे ते अंतराळवीर हे बघायला येत नाहीत, अपशकुन मानतात, राखीव जोडीदार येतात. लोक रुळावर नाणी ठेवतात. विज्ञानवाले लोक, तरी! शेनझोऊ उभं जातं, दीडेक किलोमीटर, साधारण आठवडाभर आधी. आणि आपल्याकडे श्रीहरिकोट्याला ६४० टनांचं एलव्हीएम३ रुळांवरून. ते जाताना बघाल तेव्हा बाजूच्या दोन जाड बूस्टरकडेही बघा, इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसिंग बनवणारा एक कारखाना आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला आहे.

पायरी १० : पॅडवर पोचल्यावर काय उरतं

उरतं ते सगळं हात पोचेल असं. हॅचसमोर एक छोटी पांढरी खोली असते, मनोऱ्यावरून तिथं चालत जायचा पूल असतो. ताजं खाणं, लवकर खराब होणारे प्रयोगांचे नमुने, अंतराळवीरांच्या खाजगी वस्तू, हे शेवटच्या तासांत ह्याच वाटेने. फाल्कन ९ मध्ये तर अंतराळवीर आत बसून हॅच बंद झाल्यावर, उड्डाणाला साधारण ३५ मिनिटं उरल्यावर रॉकेटमध्ये इंधन भरायला सुरुवात होते, त्याच्या आधी सुटकेची इंजिनं सज्ज करतात. ह्यावर अमेरिकेत बराच वाद झाला होता. मला स्वतःला पद्धत पटते, कारण भरलेल्या रॉकेटजवळ मदतनीस माणसं फिरत नाहीत, पण वाद खोटा नव्हता.

आणि इथंच सगळ्यात अवघड निर्णय येतो, बिघाड सापडला तर पॅडवरच दुरुस्त करायचं की मागे न्यायचं? मे २०२४ मध्ये विल्मोर आणि सुनीता विल्यम्स स्टारलायनरमध्ये बसलेले असताना रॉकेटच्या वरच्या टप्प्यातला ऑक्सिजनचा एक व्हॉल्व्ह गुणगुणायला लागला, त्यांना उतरवलं, मागे नेऊन व्हॉल्व्ह बदलला, उड्डाण ५ जूनला. उलट आर्टेमिस १ ला सप्टेंबर २०२२ मध्ये हायड्रोजन गळत होता तेव्हा सील पॅडवरच बदललं, भोवती तंबूसारखा आडोसा करून. कारण ती गळती उणे २५३ अंशांचा हायड्रोजन वाहतानाच दिसत होती आणि तो फक्त पॅडवरच भरता येतो, इमारतीत नेऊन दुरुस्त केलं असतं तरी दुरुस्त झालं का हे कळायला पुन्हा पॅडवरच यावं लागलं असतं. महिनाअखेरीस मात्र इयान चक्रीवादळ आलं आणि तेव्हा निमूट मागे.

आता पुण्यात बसून बघायचं कसं

वेळेचं गणित पाठ करा. फ्लोरिडा उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. बैकानूर फक्त अर्धा तास मागे, म्हणजे सोयुझचं रोलआउट सकाळी साडेसातला, चहाबरोबर. चीन अडीच तास पुढे. खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेला शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला उडाला तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि आपल्याकडे दुपारचे १२ वाजून १ मिनिट. त्याआधी तारीख कितीदा पुढे गेली आठवतंय ना, एकदा तर स्टॅटिक फायरनंतरच्या (रॉकेट जागेवर धरून इंजिनं पेटवून बघण्यानंतरच्या) तपासणीत ऑक्सिजनची गळती सापडली म्हणून. त्यामुळे उड्डाणासाठी सुट्टी टाकायची तर त्या तारखेला चिकटून नका टाकू.

लाइव्ह चालू असताना वही घेऊन बसा आणि तीनच रकाने करा: काय झाकलं गेलं, कुठली फीत अजून आहे, कुठलं घड्याळ चालू झालं. समालोचक गप्पा मारत असतो तेव्हा मागे कॅमेऱ्यात हे सगळं दिसत असतं. गगनयानच्या माणसांशिवायच्या उड्डाणात व्योममित्र ही बाईसारखी दिसणारी रोबो बसणार आहे, तिची तयारीही ह्याच क्रमाने चालणार, तेव्हा ह्याच वहीत पुढची पानं तिच्यासाठी सोडून ठेवा, आणि पेन्सिलने लिहा, कारण तारखा बदलणारच.